काहीच नाही म्हणतात त्या जागी

"अगं, पण इथे तर काहीच नाही!"

आमच्या ग्रुपमधले सगळ्यात मोठे, 63 वर्षांचे काका पहिल्या दिवशी सकाळी ब्रेक दाबून थांबले, एक पाय जमिनीवर टेकवला आणि हे म्हणाले. खारखोरिन गावाची शेवटची लाकडी कुंपणं मागे पडली होती, डांबर संपून मातीची वाट लागली होती, आणि समोर नुसतं गवत, गवतामागे टेकडी, टेकडीवर पण गवतच, त्यामागे अजून एक निळसर टेकडी. झाड नाही, खांब नाही, शेत नाही. काकांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, उलट आनंदच होता, कारण हेच बघायला तर एवढ्या लांब आलो होतो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते पुढचे नऊ दिवस आणि साधारण 400 किलोमीटर तिथेच होतं, आणि आज लिहायला बसलेय तीही त्याच्यामुळेच.

तर मंगोलिया. ऑगस्टचा शेवट. अर्खांगाय प्रांतातून खारखोरिन ते तेर्खीन त्सागान तलाव अशी सायकलवरून जायची आणि रोज रात्री तंबूत राहायची ट्रिप. आम्ही दहा जण, सगळे मराठी, वर्षानुवर्षं रविवारी पहाटे एकत्र सायकली काढणारे. बरोबर तिथली एक गाइड मुलगी, हिवाळ्यात शाळेत शिकवते आणि उन्हाळ्यात हे काम करते, एक स्वयंपाक करणाऱ्या मावशी, आणि एक अबोल ड्रायव्हर, ज्याची करड्या रंगाची जुनी रशियन व्हॅन लांबून पावाच्या लादीसारखी दिसायची. तंबू, स्लीपिंग बॅगा, पिण्याचं पाणी, सुटे टायर, भांडीकुंडी, सगळं त्या व्हॅनमध्ये. ती आमच्या मागे मागे यायची नाही, ती तिच्या वाटेने पुढे जायची आणि दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा भेटायची. मधल्या वेळात आम्ही, सायकली, आणि ते गवत.

देश केवढा, तर महाराष्ट्राच्या पाचपट, आणि माणसं किती, तर साधारण 35 लाख, त्यातलीही जवळजवळ निम्मी एकट्या राजधानीत, उलानबातरमध्ये. जनावरं मात्र सहा कोटींच्या आसपास. हे आकडे मी निघायच्या आधी वाचले होते आणि वाचून मला पण काकांसारखंच वाटलं होतं, की बापरे, केवढी रिकामी जागा.

आपल्या भाषेतच बघा ना. माळरान म्हटलं की मागोमाग 'ओसाड' येतंच. बरड, उजाड, पडीक. आपल्या देशात सरकारी मोजणीत कितीतरी गवताळ जमीन आजही 'पडीक' याच खात्यात जाते, म्हणजे जिचा अजून काही उपयोग केलेला नाही अशी. कुरण आणि गायरान हे शब्द जरा बरे, पण त्यातही गवत म्हणजे गुरांचं ताट, एवढंच. मी आयुष्यभर माळ बघितला तो दोन गावांच्या मधली जागा म्हणून, गाडीच्या खिडकीतून, डुलकी घ्यायच्या वेळी. सायकलवरून मात्र डुलकी घेता येत नाही. तिथे वेग ताशी 12, चढावर 6, आणि वाऱ्याच्या तोंडावर त्याहून कमी, त्यामुळे जे आहे ते बघावंच लागतं.

पहिल्यांदा दिसल्या त्या चाकोऱ्या.

रस्ता म्हणजे तिकडे काय, तर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन रेघा. पावसात त्या खोल होतात, चिखल होतो, मग पुढचा ड्रायव्हर त्यांच्या शेजारून गाडी घालतो, ती रेघ खराब झाली की त्याच्या शेजारून तिसरा. असं करत करत एखाद्या दरीत आठ-आठ दहा-दहा वाटा शेजारी शेजारी पडलेल्या, लांबून बघितलं तर फणीने केस विंचरल्यासारख्या. सायकलस्वाराचं निम्मं डोकं यातच जातं की आता कुठली धरू. एक दिसायला गुळगुळीत असते पण तिच्यावर पन्हाळीच्या पत्र्यासारखे आडवे खवले असतात, हँडलवरून कोपरापर्यंत हाडं खिळखिळी होतात. एक मऊ मातीची, चाक रुतणारी. एक इतकी खोल की पेडल कडेला आपटतं. आम्ही पहिल्याच दुपारी टायरची हवा 40 पीएसआयवरून 28 पर्यंत खाली आणली आणि मग जरा जीवात जीव आला.

आणि या सगळ्यात सोपा उपाय डोळ्यांसमोर असतो तो म्हणजे चाकोरी सोडून सरळ गवतावरून जायचं. गवत आखूड, जमीन घट्ट, मऊसूत. आमच्यातल्या एका मुलाने तसं केलंही. गाइड एरवी इतकी हसरी, इतकी सैल, कोण किती मागे राहिलं तरी चिडायची नाही, पण ती सायकल टाकून पळत गेली त्याच्याकडे. रागावली नाही, पण त्याला खाली वाकायला लावलं आणि त्याच्या टायरची रेघ दाखवली. म्हणाली, इथे वर्षाला पाऊस 200-300 मिलिमीटर, त्यातला बराचसा उन्हाळ्यातच, आणि गवत वाढायला मिळतात जेमतेम तीन-चार महिने. वरची माती बोटभर. एक चाक गेलं की दुसरं त्याच्यावरूनच जातं, दुसरं गेलं की जीप जाते, आणि मग ती जखम भरायला कितीतरी वर्षं. त्यामुळे आमच्या ट्रिपचा कडक नियम एकच, जी वाट आधीपासून आहे त्याच वाटेने जायचं, कितीही वाईट असली तरी.

मला त्या दिवशी रात्री तंबूत पडल्यावर हे सारखं आठवत होतं. आपण किती कौतुकाने म्हणतो, चाकोरीबाहेर जा, चाकोरीबाहेरचा विचार करा. मी स्वतः माझ्या मुलीला हे शेकडो वेळा सांगितलंय. आणि इथे खरीखुरी चाकोरी होती, बैलगाडीची नाही जीपची, आणि तिच्यातच राहणं हे त्या जमिनीबद्दलच्या मायेचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी ओर्खोन नदीच्या खोऱ्यातून खोशो त्सायदामला गेलो. तिथे जुन्या तुर्क राजघराण्याचे शिलालेख आहेत, क्युल तेगिनचा सन 732 चा आणि बिल्गे खानाचा 735 चा, आणि ती लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, ती 1893 मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी लावली. दगड आता म्युझियमच्या इमारतीत आहेत. आम्ही बघितले, फोटो काढले, आणि खरं सांगायचं तर पाय इतके दुखत होते की मी अर्धा वेळ थंडगार फरशीवर बसूनच होते. इतिहासावर लिहिणारे खूप आहेत, मी पुढे जाते. फक्त एक गोष्ट, की बाहेर आल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे 1300 वर्षांपूर्वी इथे राज्य होतं, आणि आपण म्हणतोय काहीच नाही." काका नुसते हसले आणि पाण्याची बाटली उघडली.

तिसऱ्या दिवशीचा वारा. डोंगरात सायकल चालवणाऱ्याला चढ कळतो, चढ दिसतो, संपतोही. वारा दिसत नाही आणि गवताळ प्रदेशात तो संपतही नाही, कारण त्याला अडवायला काही नसतं. सकाळी दहाला जो समोरून सुरू झाला तो संध्याकाळी सातपर्यंत. सपाट जमिनीवर आम्ही डोंगर चढल्यासारखे सगळ्यात हलक्या गिअरवर. अशा वेळी ग्रुप म्हणजे काय ते कळतं. एकामागे एक, पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ आपलं पुढचं चाक, पुढचा वारा फोडतो, दोन-तीन मिनिटांनी तो बाजूला होऊन शेवटी येतो आणि दुसरा पुढे होतो. दुपारनंतर वारा तिरका झाला तेव्हा त्या शेजारी शेजारी असलेल्या चाकोऱ्या कामाला आल्या, आम्ही तिरक्या ओळीत पसरलो, पाखरांचा थवा उडतो तसे. कोणी बोलत नव्हतं कारण बोललेलं ऐकूच येत नव्हतं. काकांची पाळी आली की आमच्यातले तरुण मुद्दाम त्यांची पाळी लवकर संपवायला बघायचे आणि काका मुद्दाम जास्त वेळ पुढे राहायचे.

त्या वाऱ्यातच मला पहिल्यांदा गवत हलताना नीट दिसलं. म्हणजे हलतं हे कोणालाही माहितीये, पण एका जागी एका लयीत नाही हलत ते. वाऱ्याची एक झुळूक येते ती उतारावरून धावत येताना दिसते, रुपेरी पट्टा, आणि तुमच्यापर्यंत पोचायच्या दोन सेकंद आधी तुम्हाला कळतं की आता हँडल घट्ट धर. दिवसभर मी वारा *बघत* सायकल चालवली, असं म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी ओगी तलावाच्या पलीकडे कुठेतरी तंबू ठोकले. वाऱ्यात तंबू लावायचा म्हणजे एकाने आधी त्याच्यावर आडवंच पडायचं आणि दुसऱ्याने खुंट्या मारायच्या. ते झाल्यावर मी पाय पसरून बसले आणि सॉक्सकडे बघितलं तर सॉक्स दिसतच नव्हता, नुसती कुसळं. आपल्या माळावर असतात तशीच, टोकाला टोचणारं बी आणि मागे लांब पिळवटलेली शेपटी. उपटायला लागले तर गाइड शेजारी येऊन बसली, त्यातलं एक चिमटीत घेतलं आणि म्हणाली हात पुढे कर. माझ्या तळहातावर चहाचा एक थेंब टाकला आणि त्याच्यात ते कुसळ ठेवलं. एक क्षण काही नाही. मग ती शेपटी हळूहळू फिरायला लागली, घड्याळाच्या काट्यासारखी, पीळ उलगडत, आणि तिच्याबरोबर बी पण गोल गोल.

आणि मी ओरडलेच, कारण हे मला माहिती होतं! आम्ही लहान असताना शाळेच्या मागच्या माळावरची कुसळं थुंकी लावून अशीच फिरवायचो. तेव्हा तो नुसता खेळ होता. ते का फिरतं हे मला त्या संध्याकाळी कळलं, वयाच्या 49 व्या वर्षी, तळहातावर. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. पाऊस पडला की बी एका बाजूला फिरतं, ऊन पडलं की दुसऱ्या बाजूला, आणि बियाच्या अंगावर मागे वळलेले बारीक केस असतात त्यामुळे ते आत जातं पण बाहेर येत नाही. म्हणजे पाऊस, ऊन, दव, ऊन असं करत करत ते बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं, स्क्रू पिळावा तसं. कोणी नांगरायला नको, कोणी पेरायला नको. तिकडचं ते स्टिपा नावाचं गवत आपल्या कुसळीहून वेगळं आहे, पण युक्ती तीच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ही म्हण मी हजारदा वापरली असेन, कुसळाकडे मात्र असं कधी बघितलं नव्हतं. त्या रात्री सगळेच जण एकेक कुसळ घेऊन चहाच्या थेंबात फिरवत बसलेले, हेडलॅम्पच्या उजेडात, दहा मोठी माणसं.

चौथ्या की पाचव्या दिवशी, तामिर नदीच्या काठाने पश्चिमेकडे जाताना, आम्हाला एका गेरमध्ये चहाला बोलावलं. गेर म्हणजे त्यांचं ते गोल पांढरं, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं घर, दार कायम दक्षिणेला. जाताना लांबूनच गाइड ओरडली, "नोखोय खोर!" म्हणजे कुत्रा धरा. तोपर्यंत कुत्रा आमच्याकडे निघालाच होता, मग आम्ही शिकवल्याप्रमाणे सायकलवरून उतरलो, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरली आणि हळू हळू चालत गेलो. आत गेल्यावर पाहुण्यांनी डाव्या बाजूला बसायचं, वाटी उजव्या हाताने घ्यायची आणि डावा हात कोपराला लावायचा. चहा दुधाचा पण मिठाचा. तीन दिवसांचा घाम गेलेल्या शरीराला तो इतका गोड लागला की मी दोन वाट्या प्यायले. चुलीत जळत होतं ते वाळलेलं शेण. आपल्यासारख्या थापलेल्या गोवऱ्या नाहीत, माळावर पडून आपोआप वाळलेलं, पण धुराचा वास डोळे मिटले तर अगदी माझ्या आजीच्या चुलीचा.

घरातली बाई माझ्याच वयाची. बोलणं सगळं गाइडच्या मार्फत. 2023-24 च्या हिवाळ्यात तिकडे मोठा झुड आला होता. झुड म्हणजे बर्फाचा दुष्काळ म्हणावा लागेल. उन्हाळ्यात गवत कमी झालेलं असतं, जनावरांच्या अंगावर चरबी नसते, आणि त्यावर इतका बर्फ पडतो किंवा त्याचा असा कडक पापुद्रा धरतो की खुराने उकरून गवतापर्यंत पोचताच येत नाही. जनावरं उभ्या उभ्या उपाशी मरतात. त्या एका हिवाळ्यात देशभरात 70 लाखांहून जास्त जनावरं गेली. तिची किती गेली हे तिने आकड्यात नाही सांगितलं. बाहेर नेलं आणि दगडांनी रचलेला मेंढ्यांचा वाडा दाखवला. त्याच्या अर्ध्या भागात आता गवत उगवलेलं होतं, गुडघाभर, कारण तेवढ्या भागात मेंढ्यांची गरजच उरली नव्हती. ती त्या गवताकडे बघत उभी राहिली आणि आम्ही पण.

मग तिने आम्हाला एक प्रश्न विचारला. गाइडने सांगितलं की इकडे नवीन माणूस भेटला की हे विचारायची रीतच आहे. "तुमच्याकडे यंदा गवत कसं आहे?"

आम्ही दहा जण एकमेकांकडे बघायला लागलो. पाऊस कसा झाला ते सांगता आलं असतं, धरणं किती भरली तेही, कांद्याचा भावसुद्धा कोणीतरी सांगितला असता. गवत कसं आहे हे दहातल्या एकालाही माहीत नव्हतं. शेवटी काकाच म्हणाले, "सांग तिला, आम्ही बघितलं नाही. परत गेलो की बघू." गाइडने ते तसंच्या तसं सांगितलं आणि बाईने मान डोलावली, जणू हे उत्तर तिला पटलं.

निघताना ती आमच्या मागे बाहेर आली आणि आम्ही सायकलवर बसल्यावर तिने आमच्या वाटेवर दुधाचे थेंब उडवले. प्रवास नीट व्हावा म्हणून. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे भरून आले होते, माझे तर नक्कीच.

तिथून पुढे मला ते रिकामेपण रिकामं दिसेनाच. म्हणजे एखाद्या दरीत एकही गेर नसायचं, पण गाइड सांगायची की ही हिवाळ्याची दरी आहे, उत्तरेचा वारा अडतो म्हणून हिच्यात आत्ता कोणी चारत नाहीत, गवत राखून ठेवलंय. म्हणजे रिकामी नव्हे, राखलेली. आणि त्या देशाच्या 1992 च्या राज्यघटनेप्रमाणे कुरणाची जमीन कोणाच्या खासगी मालकीची होऊ शकत नाही, म्हणून तर तारेचं कुंपण न ओलांडता आम्ही दिवसचे दिवस जाऊ शकलो. पण मालक नाही म्हणजे मोडून खायला मोकळं असं नाही, निदान पूर्वी तरी नव्हतं, कोणी कधी कुठे उतरायचं याची समज होती. आता कश्मिरी लोकरीला भाव आहे म्हणून शेळ्या वाढल्यात, आणि शेळी गवत अगदी बुडापर्यंत खाते, ही काळजी आम्हाला तिथे भेटलेल्या प्रत्येकाने बोलून दाखवली.

त्याच टप्प्यात, कापलेल्या गवताच्या गंजी रचून ठेवलेल्या एका सपाट ठिकाणी, शंभरेक करड्या, उंच, काळ्या मानेच्या पक्ष्यांचा थवा उतरला होता. आमच्यातली एक ताई पक्षी बघणारी आहे, ती चालत्या सायकलवरूनच ओरडली, "अगं, हे आपले कांड्या करकोचे!" गाइडला सांगितलं की हे हिवाळ्यात आमच्याकडे येतात, राजस्थान-गुजरातेत, हिमालय ओलांडून. तिला ते माहीत होतं, पण ज्या लोकांकडे ते जातात ती माणसं तिने पहिल्यांदाच बघितली होती. ती म्हणाली, "आमचे आहेत. अंडी इथे घालतात." ताई म्हणाली, "बरं बाई, तुमचे. पण जपून पाठवा." दोघी हसल्या आणि मग बराच वेळ दोघी एकाच दुर्बिणीतून आळीपाळीने बघत राहिल्या.

ताइखरचा एकटा उभा सुळका, हरणं कोरलेले तीन हजार वर्षांपूर्वीचे दगड ज्यांना 2023 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, चुलूत नदीची काळ्या कातळातली घळ, हे सगळं बघितलं, आणि सगळं सुंदर आहे. पण मला सांगायचीये ती सातव्या दिवशीची गारपीट.

तिकडे ढग दोन तास आधी दिसतो. पूर्ण, बुडापासून शेंड्यापर्यंत, आणि त्याच्या खालचा पाऊस पण दिसतो, एखाद्या दुसऱ्याच दरीत राखाडी पडदा सोडल्यासारखा. आम्ही खिंडीच्या चढावर होतो, व्हॅन खिंडीच्या पलीकडे गेलेली. मला वाटलं तो ढग बाजूने जाईल. गाइड सारखी वळून बघत होती. मग तिने एकदम हात वर केला आणि सगळ्यांना खाली उतरायला लावलं. सायकली एका जागी आडव्या टाकल्या, आम्हाला त्यांच्यापासून लांब, माथ्यापासून खाली, एका खोलगट उतारावर नेलं आणि एकमेकांपासून वीस-वीस पंचवीस-पंचवीस पावलांवर बसवलं. झोपायचं नाही, उकिडवं बसायचं, पाय जुळवून, हेल्मेट डोक्यावर, खाली बसायची मॅट. उघड्या माळावर वीज पडायला आपल्याहून उंच काही नसतं आणि सगळे एकत्र बसले तर एकाच विजेत सगळे सापडतात, म्हणून लांब लांब.

आणि मग ते आलं. आधी गार वाऱ्याचा भपका, मग हरभऱ्याएवढ्या गारा, हेल्मेटवर ताशा वाजल्यासारख्या. वीज इतकी जवळ की उजेड आणि आवाज यांच्यात मोजायला आकडाच मिळेना. मी घाबरले होते, खूप घाबरले होते. डावीकडे काका, उजवीकडे तो सुरुवातीला गवतावरून गेलेला मुलगा, दोघांचे नुसते ठिपके दिसत होते, आणि आपण एकमेकांना हात लावू शकत नाही हे फार वाईट वाटत होतं. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी पायाशी बघत राहिले. नाक आणि जमीन यांच्यात फूटभर अंतर.

वितभर जागेत मी सात वेगवेगळ्या वनस्पती मोजल्या. सुईसारखं एक गवत, चपट्या पानांचं दुसरं. एडलवाइसची लोकरी पांढरी फुलं, ज्यांच्यासाठी युरोपात लोक कडे चढतात, आणि इथे ती गालिच्यासारखी. एक नखाएवढं निळं फूल, गारांमुळे मिटायला लागलेलं. एक काळा भुंगेरा एका काडीवरून उलटा खाली उतरला आणि बुडाशी जाऊन बसला, अगदी माझ्यासारखाच उकिडवा. आणि गारांनी ठेचलेल्या एका करड्या झुडपाचा वास आला, एकदम ओळखीचा, देव्हाऱ्यातला, चैत्रातला. दवणा! तो आपला दवणा नव्हता पण त्याच्याच कुळातला, सगळी गवताळ जमीन भरून उगवतो तो तिकडे. सात दिवस मी त्याच्यावरून, त्याच्या शेजारून जात होते आणि तो मला असा आत्ता भेटला. त्या वासाने माझी भीती गेली असं नाही. पण श्वास लागला तो जरा सावकाश झाला.

पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपलं. सगळे उठले, सगळे एकमेकांना चाचपून बघत होते, काकांच्या हाताच्या पंज्यावर लाल वळ उठले होते. उतार पांढरा झाला होता आणि त्यातून ते गवत परत उभं राहत होतं, एकेक काडी, गार वितळेल तशी. खिंडीच्या माथ्यावर ओवो होता, दगडांची रास आणि निळी वस्त्रं बांधलेली, त्याला आम्ही रिवाजाप्रमाणे उजवीकडून तीन फेऱ्या घातल्या आणि प्रत्येकाने एकेक दगड ठेवला. पलीकडून व्हॅन वर येताना दिसली, ड्रायव्हर आमच्यासाठी परत फिरला होता. त्याने एक अक्षर न बोलता सगळ्यांना मोजलं, दोनदा, आणि थर्मास काढला.

शेवटची रात्र तेर्खीन त्सागान तलावाच्या काठावर. हा तलाव खोर्गो ज्वालामुखीच्या लाव्हाने नदी अडल्यामुळे झालेला, समुद्रसपाटीपासून 2060 मीटरवर, आणि ऑगस्टच्या शेवटाला तिथे रात्री दव गोठतं. सकाळी तंबूचं कापड पापडासारखं कडक झालं होतं. सामान आवरायचं होतं, उलानबातरला परतीचा लांबचा प्रवास. मी सायकल उलटी करून टायरच्या खाचांतली माती काडीने काढत होते, वाकून वाकून पाठ भरून आली म्हणून सरळ झाले, तर काका तलावाकडे तोंड करून गवतात मांडी घालून बसलेले. समोर त्यांचे नऊ दिवसांचे सॉक्स, चष्मा नाकाच्या टोकावर. एकेक कुसळ उपटत होते, आणि फेकत नव्हते, डाव्या हाताच्या ओंजळीत जमा करत होते.

मी विचारलं, काका काय करताय, निघायचंय.

"अगं इथलंच आहे ना हे," ते म्हणाले. "माझ्या बॅगेत जाऊन काय करणार."

मी माझेही सॉक्स आणले आणि शेजारी बसले. थोड्या वेळाने ताई आली, मग तो मुलगा. ओंजळ भरली की आम्ही ती जिथे जुनी चाकोरी झिजून उघडी माती पडली होती तिथे नेऊन रिकामी करायचो. दव वितळायला लागलं होतं, माती ओली होती, आणि खाली वाकून बघितलं तर त्यातली काही फिरायला लागली होती.